पाणमांजराची आई

"ताई, मरताना पोट वाजलं तुमचं."

काचेपलीकडून रेकॉर्डिस्टदादाचा आवाज हेडफोनमध्ये आला आणि नुकतीच पुरात वाहून गेलेली पाणमांजरीण खुदकन हसली.

"सॉरी हं दादा. लेकीचा डबा भरण्याच्या नादात माझंच खायचं राहिलं."

"मग ते सफरचंद खाऊन घ्या. निवांत. मग परत मरू."

माइकसमोर उभं राहण्याआधी ती नेहमी सफरचंद खायची. तोंडातली चिकचिक जाते त्यानं. घड्याळ काढून ठेवायची, सळसळणारा कडक कपडा घालायची नाही. परक्या भाषेतल्या कार्टून पिक्चरांना आपल्या भाषेतला आवाज द्यायचा, हे तिचं काम. आवाज असा की कुणालाही आपल्या आईचा वाटावा. म्हणून तिच्या वाट्याला कायम आईच यायची. आणि आई म्हटलं की ती पहिल्या गाण्यानंतर जाणार, हे ठरलेलंच. गेल्या वर्षी ती हरणी होऊन वणव्यात गेली होती. त्याआधी हत्तीण होऊन दरडीखाली आणि एकदा पेंग्विन होऊन बर्फाच्या भेगेत. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. तो म्हणायचा, "इतक्यांदा मरून वेळेवर घरी परत येणारी बाई जगात तू एकटीच."

सफरचंद संपलं. पडद्यावर पुन्हा पूर चढला. एका ओंडक्यावर पिल्लू बसलेलं, आणि पाण्यातून आई त्या ओंडक्याला ढकलतेय. हातातल्या कागदावर वाक्य होतं, 'जा, माझ्या शूर बाळा, तुझं भविष्य तुझी वाट पाहत आहे.' आता पुराच्या पाण्यात गटांगळ्या खाणारी कुठली आई असं बोलेल? शिवाय पाणमांजरीचं तोंड 'भविष्या'लाच मिटायचं आणि उरलेलं वाक्य हवेत लोंबकळत राहायचं. भरभर म्हणून झालं, तोडून म्हणून झालं, काही केल्या बसेना. मग एकदा पाणी चढलं, ओंडका हलला, पिल्लानं मागं वळून बघितलं, आणि तिची नजर कागदावरून सुटली.

"तू हो पुढं. मी आलेच."

ओठांवर ओठ बसले. काचेपलीकडून डबिंग बघणाऱ्या बाईंनी हात वर केला. "झालं! हेच ठेवा."

वाक्य कुठून आलं ते तिला संध्याकाळी कळलं. त्यांची इमारत चार मजल्यांची, घर शेवटच्या मजल्यावर आणि लिफ्ट कित्येक महिने बंद. लिफ्टवाल्याच्याच इमारतीतली लिफ्ट बंद, हा तिथल्या सगळ्यांचा आवडता विनोद. खाली ती स्कूटरला कुलूप लावत होती. शेजारी तिची मुलगी उभी. एका जागी ठरत नाही म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणत. पण या जिन्यासमोर मात्र भिंगरी ठरायची. दुसऱ्या मजल्यावरचा दिवा कधी लागायचा, कधी नाही.

"तू हो पुढं, मी आलेच," ती रोजच्यासारखं म्हणाली आणि भिंगरी टणाटण पायऱ्या चढून गेली.

ती मात्र किल्ली हातात धरून तशीच उभी राहिली. या एका वाक्याच्या जोरावर भिंगरी घसरगुंडीच्या टोकावर गेली होती, शाळेच्या फाटकातून आत गेली होती, अंधाऱ्या न्हाणीघरात एकटी शिरली होती. 'आलेच' म्हटलं की आई येते. आजवर एकदाही चुकलं नव्हतं. आणि पडद्यावरची आई तेच वाक्य, त्याच आवाजात म्हणणार होती आणि येणार नव्हती. ते एकदा भिंगरीनं ऐकलं, की या वाक्यावर ती पुन्हा पाऊल उचलेल का?

दुसऱ्या दिवशी तिनं बाईंना फोन लावला. "बाई, ते कालचं वाक्य बदलू या का?"

"का गं? मस्त बसलंय की."

"ते आमच्या घरातलं आहे हो."

"म्हणून तर मस्त बसलंय. बाकी अख्ख्या पिक्चरमध्ये दळलेलंच दळण आहे, बाई. तेवढं एक वाक्य तुझं ताजं. आणि आता गेलं ते पुढं, हात नाही लावता यायचा."

बरं, आपण भिंगरीला दाखवायचाच नाही म्हणजे झालं, असं तिनं ठरवलं. आधीचे पिक्चरही 'तू लहान आहेस' म्हणून टाळले होतेच. पण इकडे भिंगरीनं वर्गात जाहीर करून टाकलं होतं की माझी आई पाणमांजर आहे. वर्गात हशा पिकला. एक जण म्हणे, मग दाखव! आता गोष्ट अब्रूची झाली. त्यातच वाढदिवस तोंडावर आलेला. "मला केक नको, फुगे नको, सगळ्यांना घेऊन तुझा पिक्चर," असं म्हणून भिंगरीनं हाताची घडी घातली. बापानं हातातला पाना खाली ठेवून निकाल दिला, "कधी ना कधी बघणारच की गं ती. तुझ्या शेजारी बसून बघू दे."

रविवारी सकाळच्या खेळाला थिएटरच्या दारात भिंगरी, तिच्या मैत्रिणी आणि त्यांच्यासोबत दोन पालक असा लवाजमा जमला. एकीची आई दातांची डॉक्टर, दुसरीचे बाबा बँकेतले. मुली पोस्टरला चिकटल्या. मोठी माणसं पॉपकॉर्नच्या रांगेत.

"मी आत्ताच सांगते काय होणार ते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आई मरणार. पोर हरवणार. मग एक बडबडं बदक भेटणार, ते पादणार, आपली कार्टी खिदळणार. मग धबधबा. मग सगळ्यांनी नाचायचं आणि आपण घरी जायचं."

"बदक नाहीये. पोस्टरवर बेडूक आहे," बँकवाले म्हणाले.

"अरे वा! म्हणजे आहे काहीतरी नवीन."

"एका पिक्चरचे डोळे बदलायचे, कान बदलायचे, की झाला दुसरा पिक्चर. आमच्या बँकेत कुणी असं केलं तर आत टाकतात."

"पण या लोकांना आईला मारल्याशिवाय गोष्टच सुचत नाही का हो? मी पैसे देऊन दर सुट्टीत माझंच मरण बघायला येते!"

"आईला ठेवून कसं चालेल?" बँकवाले अगदी गंभीरपणे म्हणाले. "पोर धबधब्यात उडी मारायला निघालं, की ती म्हणणार, आधी इकडे ये, कान पूस. पिक्चर तिथंच खलास."

सगळे हसले. तीही हसली, जराशी उशिरानं.

"तुम्ही गप्पशा?" डॉक्टरीणबाईंनी तिला टोकलं. "तुमचाच आवाज आहे ना यात?"

"मला जे बोलायचं ते मी आत बोललेय," ती म्हणाली आणि पॉपकॉर्नची पिशवी उगाचच घट्ट धरली.

आत अंधार झाला. पाणमांजरीण पोहली, पिल्लाचे कान पुसले, गाणं म्हणाली. गाणं संपत आलं तशी खुर्चीतली आई भिंगरीच्या कानाशी वाकली. "सू लागलीय का?"

"नाही."

"पाणी हवंय? बाहेर जाऊन येऊ या?"

"आई, शूऽऽ! तू तिथं बोलतेयस ना, ऐकू दे की मला."

पूर चढला. ओंडका हलला. स्वतःचा आवाज तिनं हेडफोनमध्ये पुष्कळदा ऐकला होता, पण असा चारी भिंतींमधून कधी नाही. तू हो पुढं. मी आलेच. पलीकडच्या खुर्चीतून, सगळी गोष्ट आधीच सांगून मोकळ्या झालेल्या डॉक्टरीणबाईंच्या नाकाचा सूं सूं आवाज आला.

भिंगरी पडद्याकडे बघत नव्हती. ती आईकडे बघत होती.

"आई, ती येणार नाहीये ना?"

येईल हं, बघ तू पुढे, असं म्हणता आलं असतं. जिभेच्या टोकावर होतंही.

"नाही, सोन्या."

"मग आलेच का म्हणाली?"

"नाहीतर ते पिल्लू गेलंच नसतं पुढं."

भिंगरीनं मान वळवली. ओंडका वळणाआड जात होता. पिल्लू ताठ बसलं होतं. भिंगरीचा छोटा, पॉपकॉर्नच्या मिठानं खरबरीत झालेला हात आईच्या मनगटाभोवती आला आणि तिथंच राहिला. पुष्कळ वेळ राहिला. मग पडद्यावर बेडूक आला, पादला, आणि तो हात टाळी द्यायला मैत्रिणीकडे पळाला.

बाहेर उजेडात आल्यावर डॉक्टरीणबाईंचे डोळे लालबुंद. "सांगितलं नव्हतं? सगळं तेच ते!"

"मग रडलात कशाला?" बँकवाले म्हणाले.

"ते माझं मी बघेन." त्यांनी रुमालात नाक शिंकरलं. "पण ते 'मी आलेच' म्हणाली ना ती, तिथं मी खलास. दवाखान्यात जाताना मी रोज लेकीला तेच सांगते हो, आणि रात्री उगवते. हे लोक काय आपल्या घरात येऊन ऐकतात की काय?"

"आमची ही पण तेच म्हणते," बँकवाले म्हणाले. "साडीच्या दुकानाच्या दारात म्हणते. मग दोन तास बाहेर मी."

ती ऐकत राहिली. अख्ख्या पिक्चरमधलं तेवढं एक वाक्य आपलं, असं इतके दिवस जिवाशी धरून बसली होती, आणि तेही दळलेलंच निघालं की! घरोघरचं. तिला हसू यायला लागलं.

भिंगरी कमरेवर हात ठेवून मैत्रिणींना सांगत होती, "ती मेली ना, ती माझी आई. आणि ही पण माझीच." यावर कुणालाही शंका उरली नाही.

सगळ्यांचं खाणंपिणं उरकून दोघी घरी पोचल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. लिफ्ट अर्थातच बंद. तिच्या एका हातात उरलेल्या खाऊची पिशवी, दुसऱ्यात कुणीतरी दिलेल्या केकचा खोका. जिन्यापाशी आल्यावर तिनं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. काय म्हणावं? दुसरं कुठलं वाक्य घरात होतंच कुठं?

"चल, हात धर माझा," ती शेवटी म्हणाली.

भिंगरी वाकून नव्या सँडलचा बंद लावत होती, तो सोडून वर बघायला लागली. जिन्याकडे, मग आईच्या दोन्ही भरल्या हातांकडे.

"तू हो पुढं," भिंगरी म्हणाली. "मी आलेच."

आई चढायला लागली. पहिल्या मजल्यावर थांबली. आयुष्य ऐकण्यात गेलेले कान तिचे, पण खालून पावलं काही ऐकू आली नाहीत. कठड्यावरून जरा मान वाकवली असती तर दिसलं असतं. तिनं खोका या हातातून त्या हातात घेतला. दुसऱ्या मजल्यावरचा दिवा आज लागलेला नव्हता. मागं न बघता ती पुढच्या पायऱ्या चढू लागली, हळूहळू, चपला जरा वाजवत, खाली ऐकू जाईल इतपत.