बरी झालेली बाई

गोळ्या वाटताना शिवणताई पुढे आणि सिस्टर मागे, हे ठरलेलं होतं. ताई एकेकीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायची, "आ कर बरं. जिभेखाली दडवलीस ना? मला नको शिकवूस, मीही तेच करायचे." मग समोरची हसून गोळी गिळायची.

मनोरुग्णालयाच्या या वॉर्डात बायका बावन्न आणि सिस्टर एकच. दुसरी जागा तीन वर्षं रिकामी होती. अर्ज केला की वरून उत्तर यायचं, भागवून घ्या. सिस्टरांनी भागवलं ते शिवणताईवर. ताई पेशंटच होती, पण आता ठणठणीत बरी. घरी न्यायला हरकत नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. घरचा फोन लागेना म्हणून सिस्टरांनी पत्र लिहिलं आणि टेबलाच्या खणात ठेवलं. त्याच आठवड्यात दोघींची मारामारी झाली, एकीचं डोकं फुटलं, ती मारामारी ताईनेच सोडवली. दोन दिवसांनी टाकू म्हणता म्हणता चार महिने गेले. सिस्टर काही दुष्ट नव्हत्या. पण हे त्यांच्याच हातून झालं.

अखेर पत्र गेलं आणि आज ताईचा भाऊ आला. तो उंबऱ्याच्या आत येईना.

"उशीर झाला, सिस्टर. दोन महिन्यांपूर्वी धाकटीचं लग्न ठरलं. तिच्या सासरचे विचारायला लागले, मोठी कुठंय? तुमचा काहीच निरोप नाही. आई म्हणाली, ती काही आता बरी होत नाही. मग सांगून टाकलं."

"काय सांगितलंत?"

"गेली म्हणून."

"अहो, जिवंत बहिणीला मारलंत?"

"मग काय करणार? घरात वेडी आहे म्हटल्यावर कोण मुलगी करतं? तुम्ही केली असती तुमच्या मुलाला?"

सिस्टरांची नजर टेबलाच्या खणाकडे गेली.

"आधी कळवलं असतंत तर नेली असती हो," भाऊ रडकुंडीला येऊन म्हणाला. "आता कुठल्या तोंडाने नेऊ? तिची शिलाई मशीनपण धाकटीला देऊन टाकली."

"दादा," दाराआडून आवाज आला. ताई ट्रे घेऊन उभी होती. "मशीनला तेल घालत जा म्हणावं तिला. नाहीतर अडकते."

भावाने मान वर केली नाही. तसाच निघून गेला.

"सिस्टर, पत्र लिहिलंत कधी?"

"चार महिने झाले. खणात होतं."

ताईने हातातला ट्रे सावरला. दुपारच्या गोळ्यांची वेळ झाली होती. ती सवयीने वळली, तसा सिस्टरांनी तिच्या हातातून ट्रे काढून घेतला.

"आजपासून हे काम तुझं नाही."

"मग मी काय करू? आणि तुम्ही एकट्या काय करणार?"

सिस्टर टेबलापाशी बसल्या. रोज वर जाणाऱ्या अहवालात त्यांनी लिहिलं: 'वॉर्डात एक्कावन्न आजारी, एक बरी. दुसरी सिस्टर नाही म्हणून बरी बाई मी अडकवून ठेवली. तिच्या घरच्यांनी लोकलाजेपायी तिला मेली म्हणून सांगितलं. दोषी मी, ते आणि भागवून घ्या म्हणणारे.' खाली सही केली. नोकरी गेली तर जाऊ दे, असं त्यांनी ठरवलंच होतं.

ताईने ते वाकून वाचलं.

"हे वाचून मला न्यायला येईल का हो कोणी?"

सिस्टरांना उत्तर देता आलं नाही. तुम्हाला देता येत असेल, तर वॉर्डाचं दार सकाळी आठला उघडतं.