मक्याचे तुरे

आयोवातल्या त्या शेतात गुराडुकरांसाठी पेरलेला मका माणसाच्या डोक्यावर गेला होता. चार वर्षांची टेसा त्यात शिरली आणि दिसेनाशी झाली. तिची आई ब्रिटा मागे धावणार, तोच ब्रिटाच्या वडिलांनी तिचा दंड धरला.

"मग दोघींना शोधत बसू का, शहाणे? ट्रकच्या टपावर चढ. वारा पडलाय. तुरे हलतील तिथे पोरगी."

"मलाही असंच शोधायचात, बाबा?"

"रोजचंच होतं ते!"

टपावर चढताना तिला आठवलं, आत किती गार, हिरवं वाटायचं. बाहेर कुणाचा जीव टांगणीला लागलाय, हे तिच्या गावीही नसायचं.

दूर तुरे थरथरले.

"डावीकडे, बाबा!"

बाबा आत शिरले. हलत्या तुऱ्यांच्या दोन रेषा सरकत सरकत एकमेकींना भिडल्या, आणि आतून टेसाचं खिदळणं ऐकू आलं.