‘कच्चं लायसन’ची पैसेवारी

पाथरीतल्या दिलबहार टॉकीजचा मालक मी, नागेश. खुर्च्या तीनशे, मोडक्या धरून. नवा सिनेमा किती धंदा करणार हे मुंबईतले उंटावरचे शहाणे रोज मोबाईलवर सांगतात. शंभर कोटी, दोनशे कोटी. त्यातलं पाथरीच्या वाट्याला किती येणार, हे एकही सांगत नाही. ते मला किशनराव सांगतात.

किशनराव निवृत्त तलाठी. बत्तीस वर्षं त्यांनी पिकांची पैसेवारी काढली. पीक भरघोस आलं तर रुपया, निम्मं आलं तर पन्नास पैसे. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. तीन वर्षांपूर्वी माझ्या टॉकीजसमोर चहा पिता पिता एका पोस्टरकडे बघून ते म्हणाले, “ह्याची पैसेवारी एकेचाळीस.” मी हसलो. पहिल्या खेळाला एकशे तेवीस माणसं आली. तीनशे खुर्च्यांना एकशे तेवीस म्हणजे बरोबर एकेचाळीस पैसे. हा सूर्य, हा जयद्रथ. तेव्हापासून मी हसायचं सोडलं.

त्यांची पद्धत सोपी आहे. एसटी स्टँड, जीपचा अड्डा, आठवडी बाजार अशा सहा जागी पोस्टर लावायचं आणि समोर बसायचं. शंभर माणसं जाऊ द्यायची, त्यांतली किती वळून पुन्हा बघतात ते वहीत लिहायचं. विचारायचं कुणालाच नाही. “इचारलं की माणूस खोटं बोलतो,” ते म्हणतात. पुढचा हिशोब त्यांच्या डोक्यात चालतो, तो मला आजवर कळलेला नाही. मला आकडा पुरतो. पन्नासच्या आत आला की मी सिनेमा घेतच नाही. ह्या नियमानं माझी टॉकीज जगली, नाहीतर आतापर्यंत तिथं मंगल कार्यालय झालं असतं.

किशनरावांच्या खरेपणाबद्दल कुणाचं दुमत नाही. तलाठी असताना अख्खं गाव मागे लागायचं, पैसेवारी कमी लावा म्हणून. ह्यांनी एक पैसा इकडचा तिकडे केला नाही. एका गावानं तर वर्षभर त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. ते घरून बाटली नेत.

तर ह्या माणसाच्या मुलीनं, धम्मशीलानं, सिनेमा काढला. पोरगी पुण्यात शिकली, चार वर्षं दुसऱ्यांच्या सिनेमात राबली आणि मग आपल्याच गावातल्या बायनाबाईला नायिका केलं. बायनाबाई पंचावन्न वर्षांची, मजुरीला जाणारी. सिनेमात ती जीप चालवायला शिकते. नाव ‘कच्चं लायसन’. गाणं एक, हाणामारी शून्य. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. त्याच शुक्रवारी मारधाडीचा मोठा हिंदी सिनेमा येत होता आणि नांदेडच्या वितरकाला माझे चारही खेळ हवे होते.

“नागेशकाका, मला फक्त दुपारचा बाराचा खेळ द्या, एक आठवडा,” धम्मशीला म्हणाली. “परभणीत कुणी घेत नाही. इथंही लागला नाही तर बायनाबाई स्वतःला पडद्यावर कधी बघणार? अठरा बायकांनी काम केलंय त्यात.”

“तुझ्या बाबांचा आकडा येऊ दे,” मी म्हणालो. मला वाटलं, सुटलो.

किशनराव म्हणाले, “घरच्या वावराची पैसेवारी घरच्या तलाठ्यानं काढू न्हाई.”

“मग दुसरा तलाठी दाखवा,” पोरगी म्हणाली. “बाबा, सगळ्यांची काढता, माझीच का नाही?”

पुढचे पाच दिवस ते वही घेऊन बसले. बाजारच्या दिवशी त्यांच्या बायको सुलाबाई डबा घेऊन आल्या तेव्हा मी तिथंच भाजी घेत होतो. “दोन माणसं जास्तीची लिवली तर सरकार काय पेन्शन बंद करायलंय का?” त्या म्हणाल्या. किशनरावांनी डबा घेतला आणि वहीत पुढची रेघ ओढली.

बुधवारी बापलेक माझ्या ऑफिसात आले. किशनरावांनी वही उघडून टेबलावर ठेवली.

“चौतीस,” ते म्हणाले.

धम्मशीला वहीकडे बघत राहिली. “बाजारात किती वळले?”

“बाया लय वळल्या. पन घरातलं तिकीट बाया काढत न्हाईत, शीला.”

“बरं,” ती म्हणाली आणि बॅग उचलली. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. खरं सांगतो, मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त हायसं वाटलं.

“बस,” किशनराव तिला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “शेठ, पैसेवारी पन्नासच्या आत आली की काय व्हतंय?”

“मी सिनेमा घेत नाही.”

“ते तुमच्याकडं. सरकारात काय व्हतंय?”

“दुष्काळ.”

“आन दुष्काळात?”

माझं स्वतःचं सहा एकर वावर आहे, मला पाठ होतं. “सारा माफ. वीजबिलात सवलत. पोरांची परीक्षा फी माफ.”

“मंग? तीन वर्सं तुमी माजी पैसेवारी मानली. निम्मी मानायची आन निम्मी न्हाई, असं कुटं अस्तंय का? हॉलचं भाडं माफ करा आन बाराचा खेळ द्या.” इतकं बोलून ते थांबले. त्यांचे कान लाल झाले होते. “बत्तीस वर्सांत म्या कुनाला कायबी मागितलं न्हाई, शेठ. आज मागायलोय.”

धम्मशीला खाली बघत होती. मला मनस्वी राग आला. माणूस लबाडी करत असता तर मी हाकलून दिलं असतं. हा खरा आकडा माझ्यापुढे ठेवून हात पसरत होता. मी वितरकाला फोन लावला, त्याच्या शिव्या खाल्ल्या आणि बाराचा खेळ दिला. भाडंही सोडलं.

शुक्रवारी अकरापासून किशनराव दारात उभे. येणाऱ्या प्रत्येकाबरोबर त्यांचे ओठ हलत होते. जीपमधून बायनाबाई आणि बाकीच्या बायका नवी लुगडी नेसून आल्या, तिकीट काढून आत गेल्या. फुकट जायला बायनाबाईनं चक्क नकार दिला. सव्वाबाराला आतले दिवे मालवायच्या आधी धम्मशीला शेवटच्या रांगेमागे उभी राहून बोटानं एकेक डोकं मोजताना मला दिसली. मग खेळ सुरू झाला आणि दारावरच्या बन्सीधरनं तिकिटांचे तुकडे माझ्या हातात दिले. एकशे दोन. मी दोनदा मोजले. बरोबर चौतीस पैसे.

एरवी आकडा जुळला की किशनराव अर्धा चहा घेऊन घरी जातात. आज ते पायरीवर उभे राहून रस्त्याकडे बघत होते. दहा मिनिटं गेली, वीस गेली. एक मोटारसायकल हळू झाली आणि पुढे निघून गेली.

“कुनी यायलंय का बघायलोय,” ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, “लय वाटलं व्हतं, शेठ. एकदा तरी चुकावं आपलं.”

आतून एकदम शिट्ट्या आणि बायकांचं हसू ऐकू आलं. बायनाबाईनं पहिला गिअर टाकला असणार. दार ढकलून धम्मशीला बाहेर आली. तिचे डोळे ओले होते.

“बाबा, किती झाले?”

किशनरावांनी उपरण्यानं तोंड पुसलं. “चुकलो बग, बाई,” ते म्हणाले. “लय वर गेलं. दीडशेच्या वर.”

ती त्यांच्याकडे बघत राहिली.

“हो बाबा,” ती म्हणाली. “मी पण मोजले. चुकलात तुम्ही.” आणि त्यांचा हात धरून तिनं त्यांना आत नेलं.

मी हातातले तुकडे खिशात घातले आणि बन्सीधरला दार लावून घ्यायला सांगितलं.