किती लांब गेला असता

मी बोलतोय. समोर नको, जरा खाली बघा. कपाट आणि खिडकी यांच्यामध्ये, हिरव्या रबरी चटईवर उभा आहे तो मी. पहिल्यांदा घरी येणारा प्रत्येक पाहुणा मला वजनकाटा समजतो आणि चपला काढून माझ्यावर चढायला बघतो.

मी गोल्फचा सराव घरातल्या घरात करायचं यंत्र आहे. मला एक बुटका खांब आहे, खांबाला आडवा हात आहे आणि हाताच्या टोकाला दोरीनं बांधलेला पांढरा चेंडू. काठीचा फटका बसला की चेंडू कुठे जात नाही, माझ्याभोवतीच गरगर फिरतो. किती जोरात फिरला त्यावरून माझ्या तबकडीवरचा काटा सरकतो आणि सांगतो, की हा चेंडू मोकळा असता तर इतके यार्ड लांब गेला असता. मी स्वतः गवत कधी पाहिलेलं नाही. तरी मैदानाच्या गप्पा माझ्याइतक्या कुणी मारल्या नसतील.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. काटा बसवणाऱ्या बाईंनी माझ्या पाठीवर एक पितळी स्क्रू पिळला, चार फटके मारून खात्री केली आणि स्क्रूच्या कडेला तांबड्या रंगाचा ठिपका दिला. वापरानं स्क्रू ढिला पडला तर तो पिळून या खुणेपाशी आणायचा, म्हणजे मी पुन्हा खरं बोलायला लागतो. मग बाईंनी तबकडीवर फुंकर मारली आणि मला खोक्यात झोपवलं.

खेळाच्या सामानाच्या दुकानात मी बरेच दिवस काचेत होतो. शेजारी पोहायचे चष्मे होते, ते भराभर संसाराला लागायचे. मला लोक चेंडू हलवून बघायचे, हसायचे आणि बॅडमिंटनच्या रॅकेट घेऊन जायचे. बाबा आले तेव्हा त्यांनी किंमत विचारायच्या आधी खिशातून टेप काढली आणि मला मोजलं. लांबी, रुंदी, उंची. मी म्हटलं, हा माणूस आपल्यातला आहे.

बाबा जमीन मोजणारे. नोकरीभर दुसऱ्यांच्या हद्दी आखल्या. अशीच एकदा गोल्फच्या मैदानाची मोजणी करायला गेले असताना तिथल्या कुणीतरी गमतीनं हातात काठी दिली आणि म्हटलं, मारा एक. बाबांनी मारला. चेंडू गेला तो गेलाच, बाबाही त्याच्यामागे गेले. पण अशा मैदानात रोज पाय ठेवायचा तर सभासद व्हावं लागतं, आणि सभासद व्हायचं तर बाबांसारखी नोकरी करून चालत नाही. म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी मला आणलं.

"हे काय आणलंत?" आईंनी दारातच विचारलं. "पंखा का?"

"अगं, गोल्फ आहे."

"आणि ही काठी?"

"हिला ड्रायव्हर म्हणतात."

"बरंय. घरात गाडी नाही, पण ड्रायव्हर आहे."

माझं नाव आईंनीच ठेवलं, गरगऱ्या. बाबांनी खोलीचं छत मोजलं, दिव्याची दांडी आखूड केली, चटईवर पावलांच्या जागा खडूनं आखल्या आणि रोज सकाळी मारायला लागले. फटका मारून झाला की आकडा मोठ्यानं ओरडायचे. "एकशे ऐंशी!"

स्वयंपाकघरातून आईंचा आवाज यायचा, "गेला का खिडकीबाहेर?"

"अगं, बांधलेला आहे तो!"

"मग ओरडता कशाला?"

हा संवाद रोज व्हायचा, आणि दोघांनाही तो पहिल्यांदाच होतोय असं वाटायचं.

मग मुलाचं लग्न झालं आणि सूनबाई आली. ही खोली खरं तर नव्या जोडप्याला द्यायची होती. मला गच्चीवरच्या खोलीत टाकायची भाषा सुरू झाली. सूनबाई म्हणाली, "राहू दे त्याला. मला कपाटाची एक बाजू पुरते." असं म्हणणाऱ्या माणसाला घरात एकच बाजू मिळते, हे तिला माहीत असावं, पण बोलली तशीच. बोलायची कमी, बघायची जास्त. नवऱ्याला चारचौघांत 'अहो' आणि खोलीचं दार लावलं की 'अरे'. दोन्ही मी ऐकलेत. 'अरे'मध्ये जास्त जरब होती.

बाबा सकाळी येऊन सराव करायचे तेव्हा ती माझ्या शेजारी इस्त्री करत असायची. सराव झाला की बाबा डाव्या हातातला चामडी हातमोजा काढायचे आणि माझ्या आडव्या हातावर वाळत टाकायचे. गोल्फवाले एकच हातमोजा घालतात, डाव्या हातात. काठीची खरी पकड त्याच हाताची.

त्यानंतर कधीतरी आकडा उतरायला लागला. एकशे सत्तर. एकशे पन्नास. बाबांनी भुवया उंचावल्या, माझ्या सांध्यांत तेल घातलं. एकशे तीस. दोरी बदलली. एकशे दहा. मला उलटं करून झटकलं, तबकडी उघडली, कापसानं आतून पुसलं.

"मीटर बिघडलंय," ते म्हणाले.

मी बिघडलो नव्हतो. स्क्रू खुणेपाशी होता, स्प्रिंग ठणठणीत होती. नोकरीत असताना जमिनीच्या मालकानं कितीही आरडाओरडा केला तरी बाबा म्हणायचे, मोजणीची साखळी खोटं बोलत नाही. आता मोजणी त्यांची स्वतःची होती, तेव्हा साखळीच खोटी ठरली. मला राग नाही आला. माणूस असंच करतो. तापाची नळी झटकतो, घड्याळाला टिचकी मारतो, आरसा पुसतो.

मग ओरडणंच बंद झालं. फटका मारायचे, काट्याकडे बघायचे आणि काठी कोपऱ्यात ठेवून वर्तमानपत्र घेऊन बसायचे. आई स्वयंपाकघरातून थोडा वेळ वाट बघायच्या. मग भांडी वाजवायला लागायच्या.

मुलाला ते बघवेना. एक दिवस बाबा अंघोळीला गेल्यावर तो माझ्यामागे उकिडवा बसला, खिशातून नाणं काढलं आणि स्क्रू सैल केला. सूनबाई कपड्यांच्या घड्या घालत होती. त्यानं ओठांवर बोट ठेवलं. ती हसली. मलाही क्षणभर हसूच आलं असतं. बापासाठी चोरी करणारा मुलगा दिसायला फार गोड दिसतो.

स्क्रू सैल झाला की काटा हलका होतो, जरा ढकललं तरी पळतो. दुसऱ्या दिवशी बाबांनी मारला आणि मी एकशे नव्वद दाखवले.

"एकशे नव्वद!" खिडकीची काच थरारली. "सांगत नव्हतो? तेलच नीट मुरलं नव्हतं!"

घरात उत्सव. बाबा शिट्टी वाजवत दाढी करायला लागले. आईंनी शेजारणीला मुद्दाम बोलावून मला दाखवलं. मुलगा माझ्याजवळून जाताना मला हळूच थोपटायचा. आणि मी रोज सकाळी, ताठ मानेनं, खोटं सांगायचो.

सूनबाईचं हसू मात्र लवकरच संपलं. तिचं लक्ष हातमोज्याकडे गेलं होतं. तो बाबांच्या मनगटावर सैल पडायला लागला होता. "चामडं आहे, ताणतं," बाबा म्हणाले आणि त्याच मापाचा नवा आणला. नवाही सैल. तिनं तो माझ्या हातावरून काढून स्वतःच्या तळव्यावर ठेवला, थोडा वेळ बघत राहिली. त्या दिवसापासून ती बाबांचा डावा हात बघायला लागली. शर्टाची बटणं ते उजव्या हातानंच लावायचे. चहाचा कप डाव्या हातात दिला की लगेच उजव्या हातात घ्यायचे. अंगठ्याजवळचा उंचवटा होता तिथे खळगा पडला होता.

"बाबा," ती एकदा इस्त्री थांबवून म्हणाली, "हात एकदा डॉक्टरांना दाखवायचा का?"

"कुठला हात?"

"डावा. बारीक झालाय."

बाबा हसले. काठीनं माझ्या तबकडीवर टकटक केलं. "सूनबाई, हात बिघडलेला माणूस एकशे नव्वद मारतो का? विचार याला."

मला विचारलं आणि मला बोलता येईना. त्यांच्याच हाताविरुद्ध मी साक्ष देत होतो, तीही खोटी, आणि ते माझ्यावर विश्वास ठेवून उभे होते.

दुपारी दार लावून तिनं नवऱ्याला गाठलं.

"अरे, तो स्क्रू परत फिरव."

"वेडी आहेस का? बाबा शिट्टी वाजवतायत. कधी ऐकली होतीस त्यांची शिट्टी?"

"त्यांचा हात वाळत चाललाय."

"वय झालं, होतं असं."

"वय काय एकाच हाताचं होतं?"

तो माझ्या चेंडूशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "त्यांना कळलं मी काय केलं, तर कुठल्या तोंडानं उभा राहू?"

"मग मी फिरवते."

"तू नको. तुला येऊन वर्ष नाही झालं. आई काय म्हणेल? रविवारी बघू."

रविवार आला. मुलगा सकाळपासून वर्तमानपत्राची एकच बाजू वाचत होता. बाबांनी हातमोजा चढवला, खडूच्या पावलांवर उभे राहिले, काठी उचलली.

"बाबा, जरा थांबा," सूनबाई म्हणाली.

एवढ्या मोठ्यानं ती त्या घरात पहिल्यांदाच बोलली असावी. ती माझ्यामागे खाली बसली. तिच्या मुठीत नाणं होतं. नाणं दोनदा घसरलं. मग स्क्रू फिरला, पितळ आवळत गेलं आणि तांबड्या ठिपक्यापाशी थांबलं. माझ्या अंगात पुन्हा माझं वजन आलं.

"आता मारा."

"तू काय केलंस?"

"जिथे होता तिथे आणला."

"अगं..." मुलगा उठून उभा राहिला.

बाबांनी मारला. चेंडू दोन-चार फेऱ्या फिरून थांबला. काटा पंच्याऐंशीवर.

बाबा वाकले, माझी पाठ बघितली, तो ठिपका बघितला. मग मुलाकडे न बघता विचारलं, "खुंट कुणी सरकवला?"

हद्दीचा खुंट सरकवणं, बाबांच्या धंद्यात याहून मोठं पाप नाही. या खुंटांवरून भावाभावांची तोंडं बंद झालेली त्यांनी पाहिली होती.

"मी, बाबा," मुलगा म्हणाला. त्याचा आवाज शाळेतल्या पोरासारखा झाला होता.

"अहो, तुमच्यासाठीच केलं ना त्यानं," दारातून आई म्हणाल्या आणि सूनबाईकडे असं काही बघितलं, की तिच्या जागी मी असतो तर वितळलो असतो. "हिला काय गरज होती नको तिथे हात घालायची? एवढं चांगलं चाललं होतं."

सूनबाईनं मान खाली घातली, पण उठून गेली नाही.

बाबांनी हातमोजा काढला. काढायला लागलाच नाही, हात खाली केला तर आपोआप निसटला. मग दोन्ही तळवे समोर धरून ते बघत राहिले, एकाच मालकाच्या जमिनीचे शेजारी शेजारी असलेले दोन तुकडे बघावेत तसे. एक भरलेला, एक खचलेला. इतके दिवस त्यांनी मला तपासलं होतं. हात आज पहिल्यांदा तपासले.

"टॅक्सी बोलव," ते मुलाला म्हणाले. आणि जाता जाता सूनबाईच्या डोक्यावर हात ठेवला. डावा.

मानेतल्या मणक्यात नस दाबली गेली होती, असं निघालं. अजून थोडे महिने गेले असते तर हात कायमचा गेला असता, डॉक्टर म्हणाले. आताही सगळी ताकद परत येईल असं नाही; जितकी येईल तितकी. हे आईंनी दवाखान्यातून आल्यावर बॅग न ठेवताच सांगितलं, आणि सांगता सांगता सूनबाईच्या खांद्यावर डोकं टेकून रडल्या. माफी वगैरे मागितली नाही. सासूबाई आहेत त्या.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सगळे तिकडे होते. संध्याकाळी मुलगा एकटाच कपडे न्यायला आला. दिवा न लावता माझ्या चटईवर बसला आणि चेंडू बोटानं हळूहळू फिरवत राहिला. त्याच्यावर तुम्हीही राग धरू नका. त्याला बापाचा हात दिसला नाही, कारण तो बापाचा चेहरा बघत होता. त्यात प्रेम कमी नव्हतं.

नंतर कितीतरी दिवस मी चादरीखाली होतो. बाबांच्या गळ्यात पट्टा होता, हातात दाबायचा स्पंज. आज सकाळी चादर निघाली. डॉक्टरांनी हलका फटका मारायची परवानगी दिली आहे. सगळे खोलीत गोळा झाले. आई मुद्दाम हात पुसत आल्या, सूनबाईनं इस्त्रीचं टेबल भिंतीला लावलं.

बाबांनी मारला. चेंडू जेमतेम फिरला. काटा चाळीसवर.

"बाबा, खूप दिवस बंद होता ना," मुलगा घाईघाईनं म्हणाला, "मीटर जरा जाम..."

"मीटर बरोबर आहे," बाबा म्हणाले. "चाळीस मारलेत मी."

माझ्याबद्दल इतकं चांगलं आजवर कुणी बोललं नव्हतं.

मी काही फार मोठा मोजणारा नाही. जो चेंडू जात नाही, तो किती गेला असता एवढंच मला कळतं. पण एक विनंती करतो. तुमच्याही घरात काहीतरी मोजणारं कोपऱ्यात उभं असेल. त्यानं कधी नावडता आकडा दाखवला तर त्याला तेल जरूर घाला, पुसा, झटका. आणि एवढं करूनही आकडा तोच आला, तर मग त्याला सोडा आणि आकडा ज्याचा आहे त्या माणसाचा हात हातात घेऊन बघा.

बरं, आता सरका बाजूला. बाबांनी पुन्हा काठी उचलली आहे आणि खोली लहान आहे.