सहा काड्यांची छत्री

काका पाच वाजता घर सोडणार होते, ते कायमचे. मुलाकडे, समुद्रापलीकडे. काकूने आदल्या संध्याकाळी त्यांच्या नकळत मला फोन केला. "अकरा वर्षं झाली ग, दोघा भावांनी तोंड पाहिलेलं नाही एकमेकांचं. तू बाबांना घेऊनच ये," म्हणाली. ती पत्ता सांगायला लागली, तेवढ्यात बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला, "मला ठाऊक आहे रस्ता," म्हणाले आणि ठेवूनही दिला.

त्या एका वाक्यापायी मी सकाळी सहापासून गाडी हाकत होते. मुलूख अनोळखी, दुपारपासून फोनला रेंज नाही, आणि शेजारी बाबा, मांडीवर स्वतः काढलेला नकाशा घेऊन.

नकाशा कसला, चित्रांची वही होती ती. बाबा आणि काका तरुणपणी दुकानांचे बोर्ड रंगवायचे. काका अक्षरं काढायचे, बाबा चित्रं, आणि खाली कोपऱ्यात सही दोघांची मिळून एकच: 'दोघे भाऊ'. या भागातली निम्मी दुकानं त्यांच्या हाताखालून गेलेली. त्यामुळे बाबांच्या कागदावर ना रस्त्यांची नावं ना किलोमीटर. बुटावरून उजवीकडे, दातावरून सरळ, किटली लागली की आपण चुकलो, छत्रीवरून डावीकडे. संपलं.

"बाबा, हे बोर्ड कधीचे?"

"पंचवीस-तीस वर्षांचे. पण माझा रंग होता. जातो कुठे!"

रंग गेला होता. बुटाच्या जागी बँक उभी होती, दाताच्या जागी चकचकीत छापील बोर्डावर दात काढून हसणारी एक बाई. "दात आहेत की," मी म्हटलं. "माझी दाढ होती. एकच. मुळांसकट," बाबा फुरंगटून म्हणाले. तिथून आम्ही अंदाजपंचे सरळ गेलो.

मग सुरू झाला तो घोळ. एक पूल लागला, एक पेट्रोलपंप, एक लाकडाची वखार, आणि एका फाट्यावर गंजक्या खांबावरचा पत्र्याचा बोर्ड. अर्ध्या तासाने परत पूल, परत पंप, परत वखार. पंपावरच्या माणसाने सांगितलं उजवीकडे, वखारवाला म्हणाला उलटे जा. तिसऱ्यांदा पंप दिसला तेव्हा तिथला माणूस हात करून हसला. मला रडू येत होतं. पुढे जातोय की मागे येतोय, तेच कळेना. घड्याळात चार वाजून गेले होते.

"बाबा, त्या फाट्यावरच्या बोर्डावर छत्री नाही ना?" मी पहिल्या फेरीतच विचारलं होतं.

"ती छत्री? कोबी आहे तो. भाजीवाल्याचा बोर्ड असेल."

दुसऱ्या फेरीत म्हणाले, "दांडा बघ. वाकडा. माझी छत्री बघून लोक पावसाळ्याआधीच खरेदीला यायचे." मी गाडी पुढे काढली. चित्रांच्या बाबतीत बाबांपुढे बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

भांडणही असंच क्षुल्लक झालं होतं. एका मोठ्या कापडदुकानाच्या बोर्डाखाली काकांनी एकट्याचंच नाव टाकलं. जागा नव्हती म्हणे. बाबा म्हणाले, अक्षर बारीक काढायचं होतं. काका म्हणाले, तू मला अक्षर शिकवू नकोस. त्यानंतर बाबांनी कुठल्याच बोर्डावरचं अक्षर वाचलं नाही. चित्र बघायचं आणि मान फिरवायची. आम्हाला वाटायचं चार दिवसांत निवळेल.

चौथ्यांदा तो फाटा आला आणि मी ब्रेक दाबला. "उतरा."

"कोबी बघायला?"

"उतरा म्हणते ना!" बाबांवर मी आयुष्यात पहिल्यांदा ओरडले.

बोर्ड माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर होता. छत्रीचं दुकान केव्हाच गेलेलं, मागे नुसतं रिकामं मैदान. बोर्डावर दुकानाचं नावही नव्हतं. ते फुगीर, हिरवट काहीतरी, आणि त्याखाली डावीकडे जाणारा बाण. पण कोपऱ्यात दोन शब्द होते, रेखीव, ताज्या काळ्या रंगात. मी बाबांचा दंड धरून त्यांना जवळ नेलं. "वाचा. आज तरी वाचा."

'दोघे भाऊ.'

बोर्डाच्या कडेला रंगाचा पापुद्रा सुटला होता, तिथे बाबांनी नख लावलं. हिरवा, त्याखाली जरा फिका हिरवा, त्याखाली परत हिरवा. थरावर थर. "दर वर्षी एक हात," ते पुटपुटले आणि मोजायला लागले. आठाला थांबले. पुढे त्यांना मोजवेना. सगळ्यात तळाशी निळा होता. तो निळा त्यांचा होता.

"दादाला चित्र कधी जमलंच नाही," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. माझ्या मनात आलं, हा माणूस चार वेळा या बाणासमोर आला आणि चारही वेळा त्याने नाक मुरडलं. राग यावा की कीव, मला ठरवता येईना.

डावीकडे वळून दहाच मिनिटं लागली. घर उघडं होतं, खिडक्यांचे पडदे काढलेले. फाटकाशी भाड्याची गाडी, टपावर सामान बांधलेलं. काकू आत बसलेली, आणि काका हातात बॅग घेऊन, एक पाय गाडीत टाकून उभे. पाचला दोन मिनिटं कमी होती.

काकांनी पाय खाली घेतला. "किती उशीर बारक्या! बोर्ड दिसला नाही का?"

मला वाटलं, बाबा आता पाया पडतील, निदान रडतील तरी. पण बाबा ते बाबाच.

"छत्रीला आठ काड्या असतात, दादा. तू सहाच काढल्यास."

"मग यायचंस की काढायला," काका म्हणाले.

बाबा पुढे झाले आणि काकांच्या हातातली बॅग घेऊन त्यांनी खाली ठेवली.