रूपचंद मेस्त्रीचं थंड इंजिन

"हात लाव," आबा म्हणाले. त्यांचं डोकं गाडीच्या पुढच्या फळीखाली होतं आणि पाय दाराबाहेर.

इंजिनाकडून आत येणाऱ्या रबरी नळीला मी हात लावला.

"कशी शे?"

"कोमट. सकायनं पानी दुपारले ऱ्हास ना, तशी."

"गरम नही?"

"नही, आबा."

आबा बाहेर आले आणि नळीकडे असे बघत राहिले, जणू घरातल्याच माणसाने त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं.

माझ्या शेजारी कालीबाई बसली होती. तिच्या पदराखाली तीन दिवसांचं बाळ होतं, दोन महिने आधीच आलेलं. लांबीला मक्याच्या कणसापेक्षा थोडं जास्त. तिचा नवरा गोवाल मागे उघड्या हौद्यात उभा होता. शेठच्या लाकूडतोडीच्या तळावरून निघून आम्ही जेमतेम दोन मैल आलो होतो. पौषातली सकाळ, ऊन अजून डोंगराच्या पलीकडेच. गवतावर पांढरा थर होता आणि मला माझीच बोटं जाणवत नव्हती.

आबा म्हणजे माझे वडील, रूपचंद मेस्त्री. कळसाडीचे गुजर. त्यांचे दोघे भाऊ कापूस लावतात. आबांनी मात्र लहानपणी जिनिंगमधलं इंजिन पाहिलं आणि नांगराला राम राम केला. तळोद्याच्या भंवरलाल शेठनी लढाई संपल्यावर देवळालीच्या लष्करी लिलावात ही जुनी पिकप घेतली, तेव्हापासून आबा तिचे आणि ती आबांची. गाडी सरहद्दीवरून आलेली, तिकडे बर्फ पडतो म्हणे. म्हणून बैठकीत पायांपाशी एक पत्र्याची पेटी होती. इंजिनाचं तापलेलं पाणी तिच्यातून फिरतं, मागे पंखा फिरतो, आणि गरम वारा अंगावर येतो. हिटर! शेठ तर पोट धरून हसले होते. "खान्देशमा शेगडी! मेस्तरी, काढी टाक, भंगारमा इकी टाकू." आबांनी काढली नाही. इतकं देखणं काम भंगारात घालायला त्यांचा जीव होईना.

नाताळच्या सुट्टीत मी नंदुरबारहून घरी आले होते. आदल्या दिवशी आबा तळावर ज्वारी पोचवायला निघाले, तेव्हा आई म्हणाली, गोवालची बायको बाळंत झालीय, पोरीला घेऊन जा, बाईमाणूस सोबत असलेलं बरं. मला काय, उडीच मारायची होती.

बाळ दूध ओढत नव्हतं. आबा म्हणाले, तळोद्याच्या दवाखान्यात डॉक्टर थेंबाथेंबाने पाजतात. गोवालच्या झोपडीत तीन दिवस आग विझलेली नव्हती. आग आणि आईची छाती यांच्यामध्ये ते बाळ जिवंत होतं. गोवाल घाबरत होता. "मेस्तरी, वारा लागी जाई."

"अरे, मन्ही गाडीमा चैत महिना बठेल शे," आबा हसून म्हणाले.

आणि मी? मी नंदुरबारच्या हायस्कुलात इंग्रजी पाचवीत, वर्गात एकटीच मुलगी. मी हातवारे करकरून गोवालला हिटर समजावला. पाणी असं जातं, वारा असा येतो. आम्ही शाळेत शिकलोय, म्हटलं. गोवालने माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. मग त्याने आपल्या हाताने चुलीतली लाकडं बाजूला ओढली.

आता आबा एकेक करून तपासत होते. रेडिएटरचं झाकण उघडलं. पाणी काठोकाठ. पेटीची तोटी पाहिली. पूर्ण उघडी. नळी सैल करून हवा अडकलीय का ते बघितलं. पाण्याची धार सरळ आली. पंखा फिरत होता, बिचारा थंडगार वारा इमानाने फेकत होता.

"पेटी तुंबेल व्हई?" मी विचारलं.

"तुंबती तं एक नळी गरम लागती. दोन्ही कोमट शेतस." आबांनी काट्याकडे बोट दाखवलं. पाण्याची उष्णता दाखवणारा तो काटा तळाशी पडून होता. "इंजिनच तापत नही. कसाले तापत नही?"

सीटखाली गाडीचं इंग्रजी पुस्तक होतं. आबांना इंग्रजी येत नाही. मी ते ओढून काढलं. तेलकट पानं, बारीक अक्षर, पण मला सापडलं. खरंच सापडलं. इंजिनाच्या तोंडाशी पितळेचा एक वाल, म्हणजे झडप, असतो. पाणी तापेपर्यंत तो त्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही. तो काढला तर इंजिन तापत नाही आणि बैठकीत गरम वारा येत नाही.

"सापडनं, आबा!" मी गाडीतून खालीच उतरले. "कोन्ही तरी वाल काढी टाकेल शे. कोन गधडा व्हई?"

आबांनी हात पुसले.

"परत वाच. हळू."

मी परत वाचलं. या वेळी मला माझाच आवाज नको झाला.

"मीच काढा," आबा म्हणाले. "गये साल. चैतमा."

सगळेच काढतात. धुळ्यापासून तळोद्यापर्यंत कुठलाही मेस्त्री नवी गाडी आली की पहिला तो वाल काढून फेकतो. आमच्या उन्हात गाडी उकळते, तिथे पाणी अडवणारा वाल हवाय कुणाला? उलट आबा चारचौघांत सांगायचे, मन्ही गाडीना काटा कधी वर जात नही. त्यांच्या मेस्त्रीपणाचा तोच तर अभिमान होता.

"परत जाऊत का?" गोवालने वरून विचारलं.

आबांनी चढाकडे पाहिलं, उताराकडे पाहिलं. "परत गये तं दूध कोन देई?"

त्यांनी हौद्यातली ज्वारीची रिकामी पोती काढली आणि रेडिएटरच्या तोंडावर सुतळीने बांधली. वारा बंद झाला की पाणी तापेल. उभ्या गाडीत त्यांनी इंजिन खूप फिरवलं. काटा हलला, माझ्या पायांना थोडी ऊब लागली. आम्ही निघालो. पण चांदसैली घाटाचा उतार सुरू झाला आणि काटा पुन्हा खाली बसला. उतारावर इंजिनाला कामच नसतं. आबांनी खालचा गियर टाकला, इंजिन रडायला लागलं, तरी वारा कोमटच.

मी माझी शाल दिली. कालीबाईने बाळाला चोळीच्या आत घेतलं, वरून शाल, वरून माझे दोन्ही हात. सुरुवातीला बोटांखाली काहीतरी फडफडत होतं. दोन वळणांनंतर ते विरळ झालं. कालीबाईने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या.

"झोपेल शे," मी म्हटलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी बाळाच्या छातीला नळी लावली, ऐकलं, नळी काढली. बाहेर ऊन छान पडलं होतं.

पायरीवर आबा गोवालसमोर उभे राहिले. कुणी विचारलं नव्हतं. आमचं वालाचं बोलणं हौद्यातल्या गोवालने ऐकलं असेल, पण वालाचा आणि गरमीचा संबंध त्याला कळलेला नव्हता आणि आबा गप्प राहिले असते तर आयुष्यभर कळलं नसतं.

"गोवाल, गाडीमा गरमी करनारा वाल व्हता. तो मी काढी टाका. मन्हा ध्यानमाच नही व्हतं. तुनी मन्हा बोलवर आग सोडी. चूक मन्ही शे."

गोवाल ऐकत होता. त्याने मान हलवली, कशासाठी ते मला सांगता येणार नाही.

"आग तं मीच काढी," तो म्हणाला. "आते घर लई चाल, मेस्तरी. तठे पुरसूत."

परतीला सगळा चढ. पोती तशीच बांधलेली, ती सोडायचं कुणालाच सुचलं नाही. इंजिन भार ओढत होतं आणि पेटीतून गरम वारा यायला लागला. आधी पायांवर, मग गुडघ्यांवर, मग तोंडावर. कालीबाईच्या कपाळावर घाम आला. तिच्या मांडीवर शाल होती, शालीत ते.

आबांचा हात तोटी बंद करायला खाली गेला.

"ऱ्हाऊ दे," कालीबाई म्हणाली.

हात परत चाकावर गेला. वळणामागून वळण येत होतं. बॉनेटच्या कडेतून वाफ निघायला लागली होती, काटा शेवटच्या रेघेला टेकला होता, आणि आबांनी त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही.