न मारलेली काट

बटणांच्या कारखान्यात परदेशी पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या कारकुनाला मालकांचे जावई ‘डिक्शनरी’ म्हणत. तेवढं त्यानं गिळलं होतं. पण मागच्या महिन्यात, बाहेर पाऊस धो धो कोसळत असताना, परदेशी पाहुण्यांसमोर तो धीर करून ‘इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ म्हणाला आणि जावई टेबल बडवत हसले. असलं इंग्रजी आता फक्त स्मशानाच्या वाटेवरचे बोलतात, म्हणाले. पाहुणेही हसले. कारखान्यातच कामाला असलेली कारकुनाची मुलगी नमुन्यांचा ट्रे घेऊन दारात उभी होती; तिनं मान खाली घातली. ती मान काही केल्या त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

जावयांना चटपटीत, बोलीतलं इंग्रजी फेकायची भारी हौस. मोबाइलवरून वाक्प्रचार टिपायचे आणि फोन लावण्याआधी चिठ्ठी कारकुनापुढे सरकवायचे. नको तिथे तो काट मारी. आजवर अब्रू शाबूत राहिली ती त्या पेन्सिलीमुळे.

सोमवारी सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाचे वडील गेल्याचं कळलं. जावयांच्या चिठ्ठीत पहिलंच वाक्य होतं, ‘आय हर्ड युअर फादर किक्ड द बकेट.’

म्हणजे सरळ सरळ, तुमचा बाप गचकला म्हणे.

“अर्थ बरोबर आहे ना, डिक्शनरी?” जावई घाईत होते.

“अर्थ अगदी बरोबर आहे, साहेब.”

पेन्सिल त्यानं खिशात ठेवली.

फोन स्पीकरवर होता, समोर मालक. वाक्य गेलं आणि पलीकडून फोन आपटल्याचा आवाज आला. जावयांनी लगेच कारकुनाकडे बोट दाखवलं. त्यानं शांतपणे सांगितलं की त्याला अर्थ विचारला होता, बोलावं का ते नव्हतं. मालकांनी सगळ्या ऑफिसादेखत जावयांची बिनपाण्यानं केली आणि कारकून सांगेल तसं माफीचं पत्र त्यांना स्वतःच्या हातानं लिहायला बसवलं.

कारकुनानं मुद्दाम सावकाश सांगितलं. एका खाडाखोडीसाठी पान फाडलं. मग दुसरं फाडलं. छातीत कसं गार वाटत होतं.

मुलीनं त्याला दाराबाहेर बोलावलं.

“बाबा, तुम्हाला माहीत होतं ना?”

“होतं.”

“त्या माणसाचे वडील खरंच गेलेत, बाबा.”

त्या माणसाचा विचार त्याला शिवलाही नव्हता. तो बराच वेळ चष्मा पुसत राहिला. मग आत गेला आणि तिसरं पान वाचलं. एकही चूक नव्हती.

तरी त्यानं ते फाडलं आणि या वेळी त्या माणसाच्या वडिलांपासून सांगायला सुरुवात केली.